एकही मत न पडता खासदार! यशवंतराव चव्हाण आणि नाशिकची १९६३ ची पोटनिवडणूक

महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण कराडचे. मात्र लोकसभेत ते पहिल्यांदा पोहोचले ते नाशिकमधून आणि तेही बिनविरोध. हे कसं घडलं?

दिल्लीला का जावं लागलं?
१९६२ च्या चीन युद्धातील पीछेहाटीनंतर संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना पद सोडावं लागलं. पंतप्रधान नेहरूंनी नोव्हेंबरमध्ये चव्हाणांना बोलावून घेतलं. संसदेचं सदस्यत्व नसतानाही मंत्री होता येतं. मात्र राज्यघटनेच्या कलम ७५ नुसार सहा महिन्यांत कोणत्याही एका सभागृहाचं सदस्य व्हावं लागतं. लोकसभेची वाट त्यांच्यासाठी १९६३ मध्ये नाशिकच्या पोटनिवडणुकीने खुली झाली.

बिनविरोध म्हणजे नेमकं काय?
अर्ज मागे घेण्याची मुदत संपल्यावर एकच उमेदवार उरला, तर निवडणूक अधिकारी त्याला थेट विजयी घोषित करतात. मतदान होतच नाही. नाशिकमध्ये हेच झालं.

नाशिक काँग्रेससाठी खरंच सुरक्षित होतं?
कायम नव्हतं. १९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत इथून दादासाहेब गायकवाड निवडून आले होते. त्याच वर्षी द्विभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री असलेले चव्हाण कराडची स्वतःची विधानसभेची जागा जेमतेम राखू शकले. १९६० मध्ये मराठी भाषकांचं राज्य आलं, मग युद्ध झालं आणि वारं फिरलं. सह्याद्री हिमालयाच्या मदतीला गेला, असं वर्णन महाराष्ट्रात रूढ झालं.

पुढे काय झालं?
१९६५ च्या पाकिस्तान युद्धातही संरक्षण खातं चव्हाणांकडेच होतं. नंतर त्यांनी गृह, अर्थ आणि परराष्ट्र खाती सांभाळली, १९७९ मध्ये ते उपपंतप्रधान झाले. १९६७ पासून त्यांनी सातारा मतदारसंघ निवडला. १९८० मध्ये इंदिरा गांधींच्या लाटेत त्यांच्या काँग्रेस (अर्स) पक्षाला राज्यातील ४८ पैकी एकच जागा मिळाली, ती साताऱ्याची. २५ नोव्हेंबर १९८४ रोजी दिल्लीत त्यांचं निधन झालं.

मग या निवडणुकीचा अर्थ काय?
नाशिकची जागा त्या वेळच्या परिस्थितीने सुरक्षित केली, साताऱ्याची चव्हाणांच्या जनाधाराने. फरक इतकाच की, साताऱ्यात मतदारांनी कौल दिला. नाशिककरांना १९६३ मध्ये हो किंवा नाही म्हणण्याची संधीच मिळाली नाही.