चामडे कमावणाऱ्याचा मुलगा आणि कोंबड्यांची लस

लुई पाश्चर यांचा जन्म 27 डिसेंबर 1822 रोजी फ्रान्समधील डोल गावी झाला. वडील चामडे कमावण्याचा धंदा करीत. आपल्या देशात याच धंद्याच्या नावाखाली माणसांना गावकुसाबाहेर ठेवले, त्यांच्यापुढे शाळेचे दार बंद केले. तिथे या मुलाला शाळा मिळाली आणि तो मोठा शास्त्रज्ञ झाला. फरक बुद्धीचा नव्हता, समाजव्यवस्थेचा होता.

कोंबड्यांमध्ये पसरणाऱ्या कॉलराचे जंतू पाश्चर यांना तुलूझचे पशुवैद्य हेन्री तूसाँ यांच्याकडून मिळाले. हे जंतू बरेच दिवस हवेत ठेवले की कमजोर होतात. असे जंतू टोचलेल्या कोंबड्या थोड्या आजारी पडून सावरतात. पुढे जहाल जंतू टोचले तरी तगतात. 1880 मध्ये पाश्चर यांनी हे जाहीर केले. प्रयोगशाळेत जंतू कमजोर करून लस बनवण्याचा मार्ग कोंबड्यांमुळे खुला झाला. 1885 मध्ये पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेल्या मुलाला त्यांनी लस दिली. 28 सप्टेंबर 1895 रोजी ते वारले.

पण थोरांचीही चिकित्सा झाली पाहिजे. 1881 मध्ये पाश्चर यांनी मेंढ्यांवर फऱ्या रोगाच्या नव्हे, तर काळपुळीच्या लसीचा जाहीर प्रयोग केला. त्यात वापरलेली लस त्यांचे सहकारी शांबरलाँ यांनी रसायनाने तयार केली होती. ही पद्धत तूसाँ यांच्या पद्धतीच्या जवळची होती, पण पाश्चर यांनी ते लोकांपासून लपवले. इतिहासकार गायसन यांनी त्यांच्या वह्या तपासून 1995 मध्ये हे पुस्तकातून मांडले. तूसाँ मात्र 1890 मध्येच, वयाच्या 43व्या वर्षी वारले होते.

आज बदलापूर-अंबरनाथच्या पट्ट्यात कोंबड्या पाळणारा माणूस पिल्लाच्या डोळ्यात राणीखेतच्या लसीचा थेंब टाकतो, तेव्हा कमजोर विषाणूचे तेच तत्त्व वापरतो. त्याच कोंबड्या उल्हासनगरच्या दुकानांत विकल्या जातात. विज्ञान तिथेच थांबले नाही. शरीराच्या पहिल्या फळीतल्या पेशींना आठवण नसते, असे पूर्वी मानत. नेदरलँड्सच्या संशोधकांनी 2020 च्या सुमारास दाखवले की कोंबडीच्या रक्तातील या पेशींना बुरशीतील बीटा-ग्लुकान दिले, तर काही दिवसांनी आलेल्या दुसऱ्या हल्ल्याला त्या अधिक जोमाने तोंड देतात. म्हणजे जन्मजात फळीही शिकते!

जन्माने मिळालेले बदलत नाही, असे सांगणाऱ्यांनी या पेशींकडे पाहावे. आणि आपण चामडे कमावणाऱ्याच्या मुलाला अभिवादन करताना तूसाँचे नावही घ्यावे. ज्याचे श्रम, त्याचे श्रेय. हा न्याय प्रयोगशाळेतही लागू आहे.