वायमेआचा जीवरक्षक

भंडारा हा तळ्यांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. वरठीसारख्या गावातील मुलांना पाण्याची पहिली ओळख होते ती एखाद्या तलावाच्या पाळीवर, नाही तर वैनगंगेच्या काठी. एरवी संथ वाहणारी ही नदी श्रावणात दोन्ही तीर भरून धावू लागली, म्हणजे तिचे रूप किती पालटते हे त्यांना सांगावे लागत नाही. वरून शांत दिसणाऱ्या पाण्यालाही आत ओढ असते, ही गोष्ट तेथले ढिवर लोक पिढ्यान्‌पिढ्या जाणून आहेत. पाण्याची ही ओढ ओळखण्यात ज्याचा हात धरणारा क्वचितच कोणी झाला असेल, अशा एका माणसाचे हे चरित्र आहे. तो मात्र आपल्यापासून फार दूर, पॅसिफिक महासागराच्या मध्यभागी वसलेल्या हवाई बेटांवर राहत असे. त्याचे नाव एडी आयकाऊ.

एडीचा जन्म ४ मे १९४६ रोजी माउई नावाच्या बेटावर, काहुलुई या बंदराच्या गावी झाला. आयकाऊ कुटुंब हे तेथील मूळ हवाईयन लोकांपैकी. घरात सहा भावंडे होती आणि घरची स्थिती बेताची होती. १९५९ साली हे कुटुंब ओआहू बेटावर होनोलुलू शहरी राहावयास आले. तेथे चिनी लोकांची एक जुनी दफनभूमी होती. तिची निगा राखावयाची आणि त्या मोबदल्यात तिच्या आवारातील घरात राहावयाचे, असे काम त्यांना मिळाले. थडग्यांभोवतालचे गवत कापणे, वाटा झाडणे ही कामे आयकाऊ मुलांच्या वाट्याला आली. सोळाव्या वर्षी एडीने शाळा सोडली व अननस डबाबंद करण्याच्या कारखान्यात तो मजुरीस लागला. त्या कमाईतून त्याने पहिली वस्तू घेतली ती लाटांवर स्वार होण्याची फळी.

या फळीविषयी थोडे सांगितले पाहिजे. समुद्राची लाट किनाऱ्याकडे धावत असता तिच्या उतारावर फळी सोडून, तीवर उभे राहून तोल सावरत येण्याच्या खेळास सर्फिंग म्हणतात. हा खेळ हवाई लोकांचा फार प्राचीन खेळ होय. परकीयांच्या आगमनानंतर एकोणिसाव्या शतकात तो जवळजवळ लोपला होता. त्यास पुन्हा जगासमोर आणले ते ड्यूक कहानामोकू या हवाईयन जलतरणपटूने. १९१२ व १९२० च्या ऑलिंपिक सामन्यांत शंभर मीटरची शर्यत त्यानेच जिंकली होती. १९२५ साली कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर एक नौका लाटांत उलटली, तेव्हा ड्यूकने आपली फळी घेऊन वारंवार त्या खवळलेल्या पाण्यात जाऊन आठ जणांना काठावर आणले. खेळण्याची फळी माणसाचा प्राणही वाचवू शकते हे त्या दिवशी लोकांच्या ध्यानी आले. एडी लहानाचा मोठा झाला तो ड्यूकची ही कीर्ती ऐकत.

ओआहू बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर वायमेआ नावाचा एक लहानसा उपसागर आहे. उन्हाळ्यात येथील पाणी एखाद्या तळ्याप्रमाणे स्तब्ध असते. हिवाळा आला की मात्र दूर उत्तरेस, बर्फाळ प्रदेशाजवळ वादळे सुरू होतात. त्या वादळी वाऱ्यांनी उठविलेल्या लाटा हजारो मैल प्रवास करीत दक्षिणेकडे येतात. वाटेत त्यांना अडविण्यास कोठेही जमीन नसते. वायमेआच्या मुखाशी समुद्राचा तळ एकाएकी उथळ होतो. त्यावर आदळून ती लाट वर उठते, आणि पाहता पाहता तीस-चाळीस फूट उंचीची पाण्याची भिंत उभी राहते. तीन मजली घर अंगावर कोसळावे तशी ती कोसळते. तिच्याखाली सापडलेल्या माणसास वर कोणते आणि खाली कोणते हे समजत नाही. तो वर येऊन श्वास घेतो न घेतो तोच दुसरी लाट त्यास पुन्हा खाली दाबते.

१९६७ च्या नोव्हेंबर महिन्यात अशाच प्रचंड लाटा उसळल्या असता एडी त्यांवर स्वार झाला, आणि त्याचे नाव त्या बेटांवर सर्वतोमुखी झाले. परंतु त्याची खरी थोरवी या पराक्रमात नाही. उत्तर किनाऱ्यावर त्या काळी प्रवाशांची व हौशी पोहणाऱ्यांची गर्दी वाढू लागली होती; आणि बुडणाऱ्यांना वाचविण्याची मात्र कोणतीच व्यवस्था तेथे नव्हती. १९६८ साली होनोलुलूच्या नगरशासनाने या किनाऱ्यासाठी प्रथमच जीवरक्षक नेमले. एडी त्यांपैकी एक होता. पुढे वायमेआचा किनारा त्याच्याकडे सोपविण्यात आला. कारखान्यातील मजूर आता सागराचा पहारेकरी झाला.

बुडणाऱ्याच्या मदतीस धावून जाणे हे ऐकावयास सोपे वाटते. पण केवळ धाडसाने हे काम होत नाही. किनाऱ्यावर चढलेल्या लाटांचे पाणी समुद्रात परत जावयाचे असते, व ते जिकडे तळ खोल असेल तिकडून वेगाने आत धावते. नवखा मनुष्य या ओढीत सापडला की किनाऱ्याकडे तोंड करून प्राणपणाने हातपाय मारू लागतो. ओढ त्याच्याहून बलवान असते, आणि थोड्याच वेळात तो थकून बुडतो. जाणता मनुष्य तिच्याशी झुंजत नाही. तो तरंगत राहतो, आणि किनाऱ्याला समांतर असा बाजूला सरकत तिच्यातून बाहेर पडतो. जीवरक्षक तर त्याच ओढीला आपले वाहन करतो. पायांत रबरी पर चढवून, फळीवर पालथे पडून तो तीत शिरतो आणि बुडणाऱ्याजवळ क्षणार्धात पोहोचतो.

पोहोचल्यावर खरी कसोटी लागते. बुडणारा मनुष्य भयाने भान हरपलेला असतो. जे हाती लागेल त्यास तो मिठी मारतो, आणि अशा मिठीने दोघेही तळास जातात. म्हणून रक्षक आपले अंग त्याच्या हाती लागू देत नाही. प्रथम फळी पुढे करतो, त्यास धीर देतो, फळीवर घेतो. त्यानंतर घाई करून चालत नाही. मोठ्या लाटा एकट्यादुकट्या येत नाहीत. त्यांचे जथे येतात, व दोन जथ्यांच्या मध्ये समुद्र थोडा वेळ शांत असतो. तो अवसर नेमका हेरून किनारा गाठावा लागतो. हा हिशेब चुकला तर वाचविणारा आणि वाचलेला दोघेही लाटेखाली सापडतात. एडीजवळ आजच्यासारखी यंत्रे नव्हती. त्याची भिस्त होती ती एका फळीवर, दोन रबरी परांवर आणि लाटांच्या या अचूक हिशेबावर.

त्याने किती जणांचे प्राण वाचविले? पाचशेहून अधिक, असे मानले जाते. नक्की आकडा कोणी टिपून ठेवलेला नाही, आणि तो टिपून ठेवावा असा एडीचा स्वभावही नव्हता. एवढे मात्र सांगतात की, वायमेआवर तो पहाऱ्यास असता तेथे एकही मनुष्य दगावला नाही. लाटा पाहून भले भले काठावर थबकत, तेव्हा एडी पाण्यात उतरत असे. १९७१ साली त्यास त्या वर्षाचा सर्वोत्तम जीवरक्षक म्हणून गौरविण्यात आले. ड्यूक कहानामोकूच्या नावाने भरणाऱ्या सर्फिंगच्या स्पर्धेत तो अनेक वर्षे उतरत होता. ती स्पर्धा अखेर १९७७ साली त्याने जिंकली.

आणखी एक प्रसंग येथे नोंदविण्यासारखा आहे, कारण तोही एक प्रकारे बचावाचाच होता. १९७६ च्या सुमारास ऑस्ट्रेलियातून आलेले काही तरुण खेळाडू आणि हवाईचे स्थानिक खेळाडू यांच्यात मोठे वितुष्ट आले. पाहुण्यांच्या बढाईने स्थानिक लोक दुखावले गेले होते, आणि प्रकरण हातघाईवर आले होते. एडीने व त्याच्या घरच्यांनी मध्ये पडून दोन्ही पक्षांना एकत्र बसविले व तंटा मिटविला.

हवाई लोकांचे पूर्वज फार प्राचीन काळी, होकायंत्रावाचून, केवळ तारे, वारा व लाटा यांच्या आधारे महासागर ओलांडून या बेटांवर आले. त्यांच्या नौकांप्रमाणे एक जोडनौका १९७५ साली बांधण्यात आली. तिचे नाव होकुलेआ. १९७६ साली ती ताहिती बेटापर्यंत सुखरूप जाऊन आली. दुसऱ्या सफरीसाठी निवडलेल्या नाविकांत एडीचा समावेश झाला, आणि पूर्वजांच्या वाटेने जावयास मिळणार म्हणून त्यास धन्यता वाटली.

१६ मार्च १९७८ रोजी सोळा माणसांना घेऊन होकुलेआ होनोलुलूहून निघाली. वारा जोराचा होता, समुद्र खवळलेला होता, आणि सोबतीस दुसरी कोणतीही नौका नव्हती. रात्री मोलोकाई बेटाच्या दक्षिणेस असता नौकेत पाणी शिरले व ती उलटली. रात्रभर ती माणसे उलट्या नौकेस धरून लाटांचे तडाखे सोसत राहिली. सकाळ झाली तरी मदतीचे चिन्ह दिसेना. उलट वारा व प्रवाह नौकेस जहाजांच्या व विमानांच्या वाटेपासून दूर नेऊ लागले. तेव्हा एडीने आपली फळी घेऊन लानाई बेट गाठण्याची व तेथून मदत आणण्याची परवानगी मागितली. ते बेट कित्येक मैल दूर होते. नाखुद्याने संमती दिली. सोबत्यांच्या डोळ्यांदेखत तो लाटांमागून लाटा चढत, उतरत दूर गेला, आणि दिसेनासा झाला.

त्याच रात्री वरून जाणाऱ्या एका विमानातील लोकांना नौकेवरून सोडलेले प्रकाशबाण दिसले. तटरक्षक दल धावून आले, व नौकेवर राहिलेल्या सर्वांचे प्राण वाचले. एडीचा शोध अनेक दिवस चालला. विमाने, जहाजे, मच्छीमारांच्या होड्या, सर्वांनी समुद्र धुंडाळला. पण तो सापडला नाही. त्या वेळी त्याचे वय अवघे एकतीस वर्षांचे होते.

बुडत्या नौकेस शक्यतो सोडू नये, कारण शोधणाऱ्यांना एकट्या माणसापेक्षा नौका लवकर दिसते, हा नाविकांचा जुना नियम आहे. एडीच्या बाबतीत तो नियम दुर्दैवाने खरा ठरला. मग त्याने जावयास नको होते काय? याचे उत्तर आज किनाऱ्यावर सुरक्षित बसून देणे सोपे आहे. मदत येणार आहे हे त्या सकाळी नौकेवरील कोणासच ठाऊक नव्हते. आणि जाऊ शकेल असा मनुष्य त्यांच्यात एडीच होता. दोष द्यावयाचाच असेल तर तो वादळी हवेत, सोबतीच्या नौकेवाचून निघण्याच्या घाईस द्यावा लागेल. होकुलेआच्या लोकांनी तो मनावर घेतला. १९८० साली ती पुन्हा ताहितीस गेली तेव्हा तिच्यामागे रक्षणासाठी दुसरी नौका होती.

पुढे एडीच्या स्मरणार्थ सर्फिंगची एक स्पर्धा सुरू झाली व ती लवकरच वायमेआस भरू लागली. १९८७ साली तेथे ती जिंकली ती त्याच्याच धाकट्या भावाने, क्लाइडने. या स्पर्धेचा नियम मोठा विलक्षण आहे. समुद्राच्या लाटा ठरावीक उंचीच्या झाल्याशिवाय ती भरतच नाही; मग खेळाडूंना वर्षानुवर्षे वाट पाहावी लागली तरी चालेल. २००९ नंतर ती २०१६ साली भरली, आणि त्यानंतर एकदम २०२३ साली.

अशा दिवशी पाण्यात उतरलेल्या खेळाडूमागे आज बचावाची मोठी तयारी उभी असते. १९९० च्या सुमारास ब्रायन केआउलाना या हवाईयन जीवरक्षकाने व त्याच्या सहकाऱ्यांनी जेट-स्की नावाचे पाण्यावर धावणारे मोटार-वाहन बचावाच्या कामी आणले. त्याच्या मागे एक रुंद तरंगती फळी जोडलेली असते. दोन लाटांच्या मधल्या काही क्षणांत चालक आत शिरतो, बुडणाऱ्यास त्या फळीवर ओढून घेतो आणि पुढची लाट फुटण्यापूर्वी बाहेर पडतो. खेळाडूंच्या अंगात दोरी ओढताच हवेने फुगणारी जाकिटे असतात. काठावरच्या मचाणावरून रक्षक दुर्बिणीने एकेक डोके मोजत असतात. तरीही लाटांचे जथे ओळखण्याचा तो जुना हिशेब कोणासच सुटलेला नाही.

२२ जानेवारी २०२३ रोजी स्पर्धा भरली, तेव्हा ल्यूक शेपर्डसन नावाचा एक जीवरक्षक त्याच किनाऱ्यावर पहाऱ्याच्या कामावर होता. स्पर्धकांतही त्याचे नाव होते. वरिष्ठांच्या परवानगीने तो आपल्या पाळीपुरता मचाणावरून खाली उतरे, फळी घेऊन त्या डोंगराएवढ्या लाटांवर स्वार होई, आणि पाण्याबाहेर येताच पुन्हा आपल्या जागी पहाऱ्यास जाऊन उभा राही. सायंकाळी निकाल लागला तेव्हा जगभरातून आलेल्या नामवंत खेळाडूंना मागे टाकून तोच पहिला आला होता.