मटियाबुर्जचे नवाब

कोलकात्यात हुगळी नदीच्या काठी गार्डन रीच हा भाग आहे. त्यातील मटियाबुर्ज ही वस्ती अवधचे शेवटचे नवाब वाजिद अली शाह यांच्या नावाशी कायमची जोडली गेली आहे.

वाजिद अली शाह यांचा जन्म १८२२ साली लखनौ येथे झाला. १८४७ मध्ये ते गादीवर आले. ते शिया पंथाचे धर्मनिष्ठ मुसलमान होते; तरीही राधाकृष्णांच्या कथेवर त्यांनी नाटक रचले आणि कथक व ठुमरी यांना उदार आश्रय दिला.

१८५६ साली लॉर्ड डलहौसीने गैरकारभाराचा ठपका ठेवून अवध खालसा केले. नवाबांनी करारावर सही करण्यास नकार दिला. मात्र सैन्याला प्रतिकार करू दिला नाही. दाद मागण्यासाठी ते कोलकात्यास आले. त्यांच्या मातोश्री लंडनपर्यंत गेल्या, परंतु न्याय मिळाला नाही आणि परतीच्या वाटेवर पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले. १८५७ च्या उठावात लखनौ पेटले, तेव्हा इंग्रजांनी संशयावरून नवाबांना फोर्ट विल्यम किल्ल्यात कैद केले. १८५९ मध्ये त्यांची सुटका झाली.

राज्य परत मिळण्याची आशा मावळली होती. त्यांच्यासोबत आलेले सेवक, कारागीर, गवई आणि आचारी परक्या मुलखात निराधार झाले असते. वार्षिक बारा लाख रुपयांच्या तनख्यातून नवाबांनी त्यांना पोसले. हौस व उधळपट्टीमुळे ते स्वतः कर्जातही बुडाले. १८६४ साली त्यांनी सिब्तैनाबाद इमामबाडा उभारला. इमामबाडा म्हणजे मोहरमच्या शोकसभांचे स्थान. सिब्तैन म्हणजे पैगंबरांचे दोन नातू, हसन आणि हुसेन. घरदार गमावलेली माणसे तेथे करबलाच्या शोकात आपलेही दुःख मिसळत आणि एकमेकांचा आधार होत.

१८८७ मध्ये नवाबांचे निधन झाले. त्याच इमामबाड्यात त्यांचे दफन करण्यात आले. पुढे त्यांची बरीचशी मालमत्ता विकली गेली आणि वाडे नाहीसे झाले. इमामबाडा मात्र टिकला. मटियाबुर्जच्या शिवणकाम व्यवसायाचे मूळ अनेक जण नवाबांसोबत आलेल्या शिंप्यांपर्यंत नेतात.

राजा म्हणून वाजिद अली शाह पराभूत झाले. परंतु विस्थापित समाजाला श्रद्धेने आणि परस्परांच्या आधाराने पुन्हा उभे राहता येते, हे मटियाबुर्जने दाखवून दिले.