जकातीचे कमिशनर ह्यूमसाहेब

वाचकहो, रेल्वेने वैतरणा ओलांडून मुंबईकडे जाताना मिठागरांतील पांढऱ्या राशी आपण नेहमी पाहतो. याच मिठावर एके काळी इतका कर होता की गरिबाला चिमूटभर मीठही जड जाई. हा कर वसूल करणारा एक बडा अधिकारी पुढे राष्ट्रसभेचा संस्थापक ठरला. त्याचे नाव ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम.

ह्यूमसाहेबांचा जन्म 1829 चा. 1849 मध्ये ते बंगालच्या मुलकी सेवेत दाखल झाले. उत्तरेतील इटावा जिल्ह्याचे कलेक्टर असताना त्यांनी गावोगाव मोफत शाळा काढल्या. 1857 च्या आरंभी त्या 181 होत्या व विद्यार्थी 5,186. त्यांत मुली मात्र अवघ्या दोन!

1867 ते 1870 या काळात ते अंतर्गत जकातीचे कमिशनर होते. मीठ चोरून नेता येऊ नये म्हणून सिंधूपासून महानदीपर्यंत सुमारे 2,300 मैलांची नाकेबंदी होती. तिच्या बऱ्याच भागात काटेरी झाडांचे कुंपण होते व राखणीला सुमारे 12,000 माणसे. हे कुंपण दाट करण्यात ह्यूमसाहेबांनी फार मेहनत घेतली, हेही सांगितलेच पाहिजे. शाळा काढणाऱ्या हातांनीच गरिबाचे मीठ अडविले. ती नाकेबंदी 1879 मध्ये उठली.

पुढे ते हिंदुस्थान सरकारचे सचिव झाले. पण वरिष्ठांशी न पटल्याने 1879 मध्ये ते पद गेले. 1882 मध्ये निवृत्त झाल्यावर त्यांना स्वस्थ बसता आले असते. तसे न करता 1883 मध्ये त्यांनी कलकत्ता विद्यापीठाच्या पदवीधरांना पत्र लिहून देशासाठी पन्नास निःस्वार्थी माणसे मागितली. 28 डिसेंबर 1885 रोजी मुंबईत गोवालिया तलावाजवळ 72 प्रतिनिधींची पहिली राष्ट्रसभा भरली. अंजुमन-इ-इस्लामचे एक संस्थापक बद्रुद्दीन तय्यबजी 1887 च्या मद्रास अधिवेशनाचे अध्यक्ष झाले. ह्यूमसाहेब 1912 मध्ये निवर्तले.

पालकहो, आपला मुलगा, आपली मुलगी मोठ्या हुद्द्यावर जावी असे आपणा सर्वांना वाटते. जरूर जावी. पण विद्यार्थी मित्रांनो, हुद्दा माणसाकडून कुंपणही घालून घेतो आणि शाळाही काढवून घेतो. ते काटेरी कुंपण आज शोधूनही सापडणे कठीण. ह्यूमसाहेबांचे नाव राहिले ते राष्ट्रसभेमुळे. आपल्या हाती अधिकार येईल तेव्हा एवढे ध्यानात ठेवा.