कंबरेचे हाड मोडूनही घोड्यावर परतलेला औट्रम

चाळीसगावहून कन्नडकडे जाताना लागणारा औट्रम घाट खानदेशात सर्वांच्या परिचयाचा आहे. हा घाट ज्याच्या नावाने ओळखला जातो, त्या जेम्स औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याचे कंबरेचे हाड एकदा मोडले होते.

१८०३ मध्ये इंग्लंडमधील डर्बीशायरमध्ये जन्मलेला औट्रम १८१९ मध्ये मुंबईत आला. भिल्लांचे उठाव मोडण्यासाठी कंपनी सरकारने भिल्लांचीच पलटण उभारायचे ठरवले आणि १८२५ मध्ये ते काम त्याच्याकडे सोपवले. धरणगाव हे तिचे ठाणे. पुढची सुमारे दहा वर्षे त्याने खानदेशात, बरीचशी घोड्याच्या पाठीवर काढली.

मार्च १८३९ मध्ये, अफगाण मोहिमेच्या वाटेवर, त्याचा घोडा कोसळून त्याच्या अंगावरून लोळला. खुब्याच्या सांध्याच्या वरचे हाड मोडले. तेव्हा क्ष-किरण नव्हते, भूल नव्हती. पडून राहणे हाच मुख्य उपचार. तरी जुलैमध्ये तो गझनीच्या लढाईत होता. नोव्हेंबरमध्ये कलात पडल्यावर वेषांतर करून तो बलुचिस्तानातून सोनमियानी बंदरापर्यंत घोड्यावर गेला.

हे कसे शक्य झाले? कंबरेची हाडे मिळून एक कडे तयार होते. कमरेवर हात ठेवला की लागते ते रुंद हाड या कड्याचा वरचा भाग. केवळ तेवढेच मोडले, तर कडे शाबूत राहते आणि भोवतीच्या स्नायूंमुळे हाड सहसा चांगले जुळते. औट्रमची दुखापत बहुधा अशीच असावी.

कडे पुढे आणि मागे दोन्हीकडे तुटले, तर मात्र प्रसंग जिवावर बेततो. पोटात रक्तस्राव होतो. मूत्रमार्ग व नसांना इजा होऊ शकते. अशा रुग्णाला आधी रक्त आणि कंबरेला पट्टा, मग बाहेरून सळ्यांची चौकट किंवा आतून प्लेट व स्क्रू लागतात. त्यानंतरही एक्स-रेमध्ये हाड जुळलेले दिसले म्हणजे रुग्ण बरा झाला, असे नसते. तो न लंगडता चालतो का, मांडी घालून बसतो का, लघवीवर ताबा आहे का, कामावर परतला का, यावर खरे मोजमाप होते. त्यासाठी कित्येक महिने व्यायाम लागतो. पायावर भार कधी द्यायचा, हे डॉक्टरांनीच ठरवायचे.

धुळे, जळगावच्या महामार्गांवर घोड्याची जागा आता दुचाकीने घेतली आहे. अपघातात कंबरेला मार लागलेल्या माणसाला उभे करू नये, चालवून पाहू नये. खुब्यांच्या पातळीवर चादर घट्ट गुंडाळून, आडवे ठेवूनच रुग्णालयात न्यावे.

औट्रम पुढे १८५७ मध्ये लखनौला लढला आणि १८६३ मध्ये फ्रान्समध्ये वारला. त्याच्या चार महिन्यांशी घरातल्या रुग्णाची तुलना करू नये. कोणते हाड, कुठे मोडले, हे आधी विचारावे.