कमला सोहोनी
कमला सोहोनी (पूर्वाश्रमीच्या कमला भागवत, जन्म : इंदूर, १९११, मृत्यू : १९९८) या मराठी जीवरसायनशास्त्रज्ञ होत्या. लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या भगिनी.

१९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन त्यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मागितला. स्त्री असल्याच्या कारणावरून संचालक सी.व्ही. रामन यांनी तो नाकारला. कमलाबाईंनी आग्रह सोडला नाही. अखेर एक वर्षाच्या परीक्षाधीन काळासाठी प्रवेश मिळाला. त्यांचे काम पाहून संस्थेने पुढे इतर स्त्रियांनाही प्रवेश दिला.

केंब्रिज विद्यापीठात प्रकाशसंश्लेषणाचे अभ्यासक रॉबिन हिल यांच्यासमवेत बटाट्यावर संशोधन करताना वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी असल्याचे त्यांनी दाखवले. १९३९ मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली. हे प्रथिन पेशीद्रवात तयार होते. मात्र तंतुकणिकेच्या आतील पटलाशी पोहोचल्यावरच ते श्वसनक्रियेत इलेक्ट्रॉन वाहून नेते. प्रकाशसंश्लेषी जिवाणूंतही याच कुळातील प्रथिने पटलांलगत असे वहन करतात.

मायदेशी परतल्यावर त्यांनी दिल्ली, कुन्नूर आणि मुंबई येथे अध्यापन व संशोधन केले. नीरेच्या पोषणमूल्यावरील त्यांचे संशोधन विशेष उल्लेखनीय आहे. ज्या मुंबईत त्यांचे महाविद्यालयीन शिक्षण झाले, तेथील विज्ञान संस्थेच्या त्या पुढे संचालक झाल्या.