गिटार न वाजवणारे गिटारवाले: लिओ फेंडर

माझा सेकंडहँड बेस परवा खरखर करत बंद पडला. नवा घ्यायला पैसे नव्हते. भीत भीत स्क्रू काढले, तर आत फक्त एक पिकअप, दोन पॉट, एक जॅक! सुटलेली वायर सोल्डर केली, झालं काम.

ही सोपी रचना लिओ फेंडर यांची. जन्म १९०९, कॅलिफोर्निया. १९३८ मध्ये त्यांनी फुलर्टनला रेडिओ दुरुस्तीचं दुकान काढलं. १९५१ मध्ये प्रिसिजन बेस आणला. फ्रेट असल्याने सूर अचूक लागायचा आणि नेक स्क्रूने जोडलेली, म्हणजे बिघडली की बदला. १९६५ मध्ये कंपनी विकली, तरी १९९१ मध्ये जाईपर्यंत ते नवीन गिटार्स बनवतच राहिले.

गंमत म्हणजे त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. दुरुस्ती मात्र पक्की येत होती!